राखीव पॉइंट गार्डसाठी एवढे पैसे? एनबीएमधला ‘मॅच करायचं की सोडायचं’ हा पेच

2025 च्या उन्हाळ्यात एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, नियमित पाहणाऱ्यांनाही कोड्यात टाकणारी गोष्ट घडली. जुलैच्या सुरुवातीला खेळाडूंचा बाजार उघडला, बहुतेकांचे करार पटापट झाले, पण चार चांगले तरुण खेळाडू सप्टेंबर उजाडला तरी करारावाचून बसून होते: शिकागोचा जॉश गिडी, ब्रुकलिनचा कॅम थॉमस, फिलाडेल्फियाचा क्वेंटिन ग्राइम्स आणि गोल्डन स्टेटचा जोनाथन कुमिंगा. चौघांनाही खेळता येतं, चौघांचंही वय कमी. मग त्यांना कोणी घेतलं का नाही?

कारण हे चौघेही ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होते. त्यांचा करार संपला होता, पण जुन्या संघाचा त्यांच्यावरचा हक्क शिल्लक होता. या हक्कामुळे संघांपुढे दर उन्हाळ्यात एक प्रश्न येतो आणि तो सगळ्यात जास्त टोचतो तो राखीव पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्या बदली खेळाडूच्या बाबतीत. स्टार खेळाडूला कोणी मोठी रक्कम देऊ केली तर जुना संघ डोळे मिटून तेवढी देतो. बाकावर शेवटी बसणाऱ्याला जाऊ देतो. पण जो रोज वीसेक मिनिटं खेळतो, संघाचा गाडा ओढतो आणि तरीही सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत नाही, त्याचं काय करायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा खेळाडूला बहुतेक वेळा ठेवावं. आणि न ठेवण्याचं ठरवायचं असेल, तर ते त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगारावरून कधीच ठरवू नये.

आयपीएलवाल्यांना अर्धं आधीच ठाऊक आहे

आयपीएलच्या लिलावातलं आरटीएम, म्हणजे राइट टू मॅच कार्ड आठवा. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहला झालेल्या लिलावात ऋषभ पंतवर लखनौने 20 कोटी 75 लाखांची बोली लावली. त्याचा जुना संघ दिल्लीने आरटीएम वापरलं, म्हणजे तेवढ्याच रकमेला तो परत मागितला. नव्या नियमाप्रमाणे लखनौला बोली वाढवण्याची एक संधी मिळाली, त्यांनी थेट 27 कोटी म्हटलं आणि दिल्लीने हात मागे घेतला.

एनबीएत मूळ कल्पना हीच आहे. जुना संघ खेळाडूला आधी ठरलेल्या रकमेचा एक वर्षाचा करार देऊ करतो, त्याला ‘क्वालिफाइंग ऑफर’ म्हणतात. ती दिली की हक्क शाबूत राहतो. मग दुसरा संघ खेळाडूशी बोलून किमान दोन हंगामांचा करार लेखी मांडतो. ती ‘ऑफर शीट’. खेळाडूने तिच्यावर सही केली की जुन्या संघाचं घड्याळ सुरू होतं. त्याच अटी मान्य केल्या, म्हणजे ऑफर ‘मॅच’ केली, की खेळाडू त्यांचाच, नाहीतर गेला.

इथे लिलाव नाही, हातोडा नाही, आणि बोली वाढवायची दुसरी संधीही नाही. त्यामुळे बाहेरच्या संघाला पहिल्याच फटक्यात असा आकडा लिहावा लागतो की समोरच्याला तो गिळता येऊ नये. शिवाय करार अनेक वर्षांचा असतो, तेव्हा फक्त एकूण रक्कम महत्त्वाची नसते. कोणत्या वर्षी किती, यातच सगळा डाव असतो.

पॉइंट गार्ड बाकावरचा असला तरी एवढा का लागतो?

बास्केटबॉलचा सामना 48 मिनिटांचा. मुख्य पॉइंट गार्ड साधारण 33 ते 35 मिनिटं खेळतो. उरलेल्या तेरा-पंधरा मिनिटांत चेंडू पुढे कोण आणणार, कोणाला कुठे उभं करणार, समोरच्याचा दबाव आला तर चेंडू सांभाळणार कोण? बाकीच्या जागांवर माणसं इकडची तिकडे करून भागवता येतं. चेंडू हाताळणाऱ्याच्या जागी कोणालाही उभं केलं की दोन मिनिटांत दहा गुण जातात.

आणि मुख्य खेळाडू जखमी झाला तर? 2015 च्या अंतिम फेरीत पहिल्याच सामन्यात क्लीव्हलँडच्या कायरी अर्विंगची गुडघ्याची वाटी मोडली. त्याच्या जागी आला मॅथ्यू डेलावेडोव्हा, हा ऑस्ट्रेलियन खेळाडू. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला एकाही संघाने निवडलं नव्हतं. दुसऱ्या सामन्यापासून तो गोल्डन स्टेटचा स्टार स्टीफन करीच्या अंगाला चिकटून धावला, तिसऱ्या सामन्यात त्याने 20 गुण केले आणि सामना संपल्यावर अंगात इतके गोळे आले की त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. क्लीव्हलँडने ते दोन्ही सामने जिंकले. मालिका शेवटी गोल्डन स्टेटने घेतली, पण राखीव पॉइंट गार्ड कशासाठी ठेवायचा असतो हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी तो तिसरा सामना बघावा.

“त्या पैशात दुसरा चांगला खेळाडू येईल की!”

हा आक्षेप सर्रास ऐकू येतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

एनबीएत प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. 2025-26 साठी ती 15 कोटी 46 लाख डॉलर होती. पण ही मर्यादा पक्की भिंत नाही. बाहेरचा खेळाडू घ्यायचा असेल तर कॅपखाली जागा लागते, मात्र आपल्याच खेळाडूला ठेवताना संघाला बहुतेक वेळा ती ओलांडता येते. बहुतेक चांगले संघ कॅपच्या वरच असतात.

याचा अर्थ नीट बघा. कॅपच्या वर असलेल्या संघाने आपल्या राखीव गार्डला 60 लाख डॉलर दिले नाहीत, म्हणजे त्याच्या हातात 60 लाख मोकळे झाले असं होत नाही. कॅपखाली जागा आधीही नव्हती, नंतरही नाही. मालकाचे पैसे वाचतात, संघाचे वाचत नाहीत. शिवाय एनबीएत खेळाडू असा निघून गेला तर भरपाई म्हणून ड्राफ्टची निवड वगैरे काही मिळत नाही. हातात राहतात ते कॅप ओलांडून बाहेरचा खेळाडू घेऊ देणारे ठरावीक छोटे अपवाद आणि किमान पगारावर येणारे खेळाडू.

म्हणून ‘तो या किमतीला योग्य आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं असतं ते असं: तो गेल्यावर त्या जागी आपल्याला खरोखर कोण मिळू शकतं? राखीव गार्डची किंमत ही त्या दोन माणसांतल्या फरकाची किंमत असते.

ह्यूस्टन, 2010: एक निर्णय कुठवर गेला

हे समजायला काइल लाउरीची गोष्ट घेऊ. 2009-10 च्या हंगामात तो ह्यूस्टन रॉकेट्सकडे बाकावरून येऊन साधारण 24 मिनिटं खेळत होता, सामन्याला 9 गुण, साडेचार असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास). पहिल्या पाचांतला पॉइंट गार्ड होता एरन ब्रूक्स, ज्याला त्याच वर्षी लीगमधला सर्वाधिक सुधारलेला खेळाडू म्हणून पुरस्कार मिळाला. म्हणजे जागा भरलेली, आणि तीही पुरस्कारविजेत्याने.

जुलै 2010 मध्ये लीगमधला मोठा स्टार लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडलं. हादरलेल्या क्लीव्हलँडने लाउरीपुढे चार वर्षांची, सुमारे 2 कोटी 35 लाख डॉलरची ऑफर शीट ठेवली. राखीव खेळाडूला वर्षाला जवळपास 60 लाख! कॅप तेव्हा 5 कोटी 80 लाख होती, म्हणजे दहावा हिस्सा एका राखीव गार्डवर. ह्यूस्टनच्या संघबांधणीची सूत्रं डॅरिल मोरीकडे होती. त्यांनी ऑफर मॅच केली.

पुढचा हंगाम सुरू होऊन महिना झाला नव्हता तोच ब्रूक्सचा घोटा दुखावला. लाउरी पहिल्या पाचांत गेला आणि ती जागा त्याने परत दिलीच नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये ब्रूक्सलाच फिनिक्सला धाडलं गेलं आणि बदल्यात गोरान ड्रागिच हा गार्ड व ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक निवड मिळाली. जुलै 2012 मध्ये ह्यूस्टनने लाउरीला टोरांटोला दिलं, त्याच्या बदल्यात आणखी एक पहिल्या फेरीची निवड आली. आणि ऑक्टोबर 2012 मध्ये ह्यूस्टनने पुढे स्टार झालेल्या जेम्स हार्डनला आणलं, तेव्हा ओक्लाहोमाला दिलेल्या मालात हीच टोरांटोची निवड होती. ओक्लाहोमाने तिच्यावर 2013 मध्ये स्टीव्हन अ‍ॅडम्सला घेतलं.

हार्डन फक्त त्या निवडीमुळे आला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, केव्हिन मार्टिन, जेरेमी लॅम्ब आणि आणखीही निवडी त्यात होत्या. पण 2010 मध्ये ‘बाकावरच्याला एवढे कशाला’ म्हणून लाउरीला सोडलं असतं, तर ह्यूस्टनच्या हाती शून्य राहिलं असतं. ठेवलेला खेळाडू खेळतो, किंवा विकता येतो. सोडलेला दोन्ही करत नाही. टोरांटोत लाउरी सहा वेळा ऑल-स्टार झाला आणि 2019 चं विजेतेपद त्याने मिळवलं, ते श्रेय मात्र टोरांटोचं.

मग न्यूयॉर्कने जेरेमी लिनला का सोडलं?

इथे गोष्ट उलटी फिरते, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच मोरी आहेत.

लिन हा हार्वर्डमध्ये शिकलेला, ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला गार्ड. डिसेंबर 2011 मध्ये ह्यूस्टननेच त्याला काढून टाकलं, कारण त्यांच्याकडे लाउरी आणि ड्रागिच होते. न्यूयॉर्क निक्सने त्याला उचललं, वर्षाला आठ लाख डॉलरपेक्षाही कमी पगारावर. 4 फेब्रुवारी 2012 ला बाकावरून येऊन त्याने नेट्सविरुद्ध 25 गुण केले, सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध 38, आणि सारं न्यूयॉर्क त्याच्या नावाने वेडं झालं. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि हंगाम तिथेच संपला.

उन्हाळ्यापर्यंत ह्यूस्टनकडे ना लाउरी उरला होता, ना ड्रागिच. त्यांनी लिनला ऑफर द्यायची ठरवली. निक्स ती मॅच करणार असं उघड बोललं जात होतं. तेव्हा शीटवर सही होण्याआधी ह्यूस्टनने तिसऱ्या वर्षाचा आकडा चढवला. शेवटचा करार असा होता: पहिल्या वर्षी 50 लाख डॉलर, दुसऱ्या वर्षी 52 लाख 25 हजार, आणि तिसऱ्या वर्षी एकदम 1 कोटी 49 लाख.

अशी उडी नियमातच बसते. 2003 मध्ये गिल्बर्ट अरिनासला गोल्डन स्टेटला ठेवता आलं नाही, कारण त्याला ठेवण्याइतकी सूट त्यांच्याकडे नव्हती. तो वॉशिंग्टनला गेला. त्यानंतर नियम झाला की एक-दोन वर्षं खेळलेल्या खेळाडूला बाहेरचा संघ पहिल्या वर्षी ठरावीक रकमेपेक्षा जास्त देऊ शकत नाही. जुन्या संघाला वाचवण्यासाठी केलेला नियम. पण तिसऱ्या वर्षाचं दार उघडं राहिलं, आणि त्यातूनच हे विष आत शिरतं.

वर आणखी एक असमतोल होता. तोच करार ह्यूस्टनच्या खात्यात दरवर्षी सरासरीने, म्हणजे 83 लाख 70 हजार असा धरला जाणार होता. निक्सने मॅच केला असता तर त्यांच्या खात्यात प्रत्यक्ष आकडे, तिसऱ्या वर्षाच्या 1 कोटी 49 लाखांसकट. एकच कागद, दोन संघांसाठी दोन किमती.

एका खेळाडूची किंमत तिप्पट कशी होते

आता कराचा भाग. कॅपच्या वर आणखी एक रेघ असते. ती ओलांडली की संघ लीगला दंडासारखा कर भरतो, हाच लक्झरी टॅक्स. 2012-13 पर्यंत हिशेब सोपा होता: रेघेवरच्या प्रत्येक डॉलरला एक डॉलर. 2013-14 पासून टप्पे आले. पहिल्या 50 लाखांवर दीडपट, पुढच्या 50 लाखांवर पावणेदोनपट, त्यापुढच्या 50 लाखांवर अडीचपट, आणि असंच चढत.

लिनचं तिसरं वर्ष होतं 2014-15. त्या वर्षासाठी निक्सच्या कार्मेलो अँथनी, अमारे स्टूडमायर आणि टायसन चँडलर या तिघांचाच पगार 6 कोटींच्या वर ठरलेला होता. लिनचे धरले तर चौघांत साधारण साडेसात कोटी. त्या वर्षी कराची रेघ पडली 7 कोटी 68 लाखांवर. म्हणजे उरलेला अख्खा संघ रेघेच्या वर!

समजा लिनशिवाय निक्स बरोबर रेघेवर आहेत. लिनचे 1 कोटी 49 लाख आले की कर असा लागतो: पहिल्या टप्प्याचे 75 लाख, दुसऱ्याचे साडेसत्त्याऐंशी लाख, आणि उरलेल्या 49 लाखांवर अडीचपटीने सव्वा कोटीच्या आसपास. मिळून 2 कोटी 85 लाख कर. पगार धरून एका वर्षासाठी एका गार्डचे 4 कोटी 34 लाख डॉलर. आणि निक्स आधीच रेघेच्या वर असतील तर याहूनही जास्त.

मॅच करायला तेव्हा तीन दिवस मिळत. 17 जुलै 2012 च्या मध्यरात्री मुदत संपली आणि निक्सने लिनला जाऊ दिलं.

चुकलं का? चाहत्यांचा जीव तुटला आणि मला ते पूर्ण पटतं. वीस-पंचवीस सामन्यांत एवढा आनंद देणारा खेळाडू रोज मिळत नाही. पण मैदानावरचा जाब मैदानावरच बघावा लागतो. निक्सने जेसन किड आणि रेमंड फेल्टनला आणलं आणि 2012-13 मध्ये 54 सामने जिंकून 1994 नंतर पहिल्यांदा आपला विभाग जिंकला. लिनने ह्यूस्टनला पहिल्या हंगामात सर्व 82 सामन्यांत सुरुवात केली, सामन्याला 13 गुण आणि 6 असिस्ट, चांगली कामगिरी. दुसऱ्या हंगामात पॅट्रिक बेव्हर्लीने ती जागा घेतली. आणि ते 1 कोटी 49 लाखांचं तिसरं वर्ष जवळ आलं तेव्हा ह्यूस्टनने लिनला लेकर्सकडे पाठवलं, सोबत पहिल्या फेरीची एक निवड देऊन. ज्यांनी ते विष कालवलं, त्यांनाही शेवटी ते दुसऱ्याच्या घशात घालायला किंमत मोजावी लागली.

“आधी मॅच करा, मग विकून टाका”

ही पळवाट लीगने बरीच बुजवली आहे. मॅच केलेल्या खेळाडूला एक वर्ष त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही, आणि ज्या संघाने ऑफर दिली होती त्याच्याकडे तर वर्षभर अजिबात नाही. 2016 मध्ये ब्रुकलिनने पोर्टलंडच्या अ‍ॅलन क्रॅबला साडेसात कोटींची ऑफर दिली, पोर्टलंडने मॅच केली, आणि जुलै 2017 मध्ये, वर्ष उलटताच, त्याला ब्रुकलिनलाच देऊन टाकलं. एक वर्षाचा पगार गेला तो गेला.

2016 च्या त्याच उन्हाळ्यात ब्रुकलिनने मायामीच्या राखीव गार्ड टायलर जॉन्सनपुढे चार वर्षांचे 5 कोटी ठेवले, त्यात शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकी जवळपास 1 कोटी 90 लाख. मायामीने मॅच केलं. तो करार शेवटपर्यंत अंगावर ओझं म्हणूनच राहिला, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये मायामीने त्याला फिनिक्सकडे पाठवून सुटका करून घेतली. मॅच करण्याच्या बाजूने बोलताना हे उदाहरण लपवणं बरं नाही.

“किमान पगारावर कोणीतरी मिळेलच”

क्लीव्हलँडनेही बहुधा असाच हिशेब केला. 2016 मध्ये ते विजेते झाले, पगाराचा डोंगर झाला होता, आणि मिलवॉकीने डेलावेडोव्हापुढे चार वर्षांचे 3 कोटी 84 लाख ठेवले. क्लीव्हलँडने ते मॅच न करता व्यवहार करून त्याला मिलवॉकीला जाऊ दिलं. जानेवारी 2017 मध्ये न्यू ऑर्लिन्सशी हरल्यावर लेब्रॉनने पत्रकारांसमोर उघडपणे सांगितलं की आम्हाला खेळ रचणारा आणखी एक माणूस हवा आहे. फेब्रुवारीत डेरॉन विल्यम्सला आणावं लागलं. अंतिम फेरीत गोल्डन स्टेटकडून ते 4-1 असे हरले. केव्हिन ड्युरंट आलेल्या त्या संघापुढे राखीव गार्डने निकाल बदलला असता असं मी म्हणणार नाही. पण लेब्रॉनसारख्या खेळाडूला हंगामभर जास्तीचा भार उचलायला लावणं हीसुद्धा किंमतच आहे, फक्त ती कराच्या पावतीवर दिसत नाही.

आज हाच निर्णय अजून कठीण का

कराच्या रेघेच्या वर आणखी एक रेघ होतीच, लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या नव्या करारनाम्याने तिच्याही वर दुसरी आखली. 2025-26 मध्ये ही दुसरी रेघ 20 कोटी 78 लाखांवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला व्यवहारात दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, बाहेरच्यांसाठीचा अपवाद वापरता येत नाही, पुढच्या एका ड्राफ्ट निवडीवर निर्बंध येतात. म्हणजे आता शिक्षा फक्त मालकाच्या खिशाला नाही, संघ बांधण्याच्या हातालाच बांधून टाकते. पूर्वी श्रीमंत मालक ‘मी भरतो कर’ म्हणून सुटायचा. आता सत्तर-ऐंशी लाखांचा राखीव गार्ड संघाला त्या रेघेपलीकडे ढकलत असेल तर त्याला सोडणं हाच शहाणपणा ठरू शकतो, तो कितीही चांगला असला तरी.

मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्याचे प्रमुख मालक आहेत, तो सॅक्रामेंटो किंग्ज संघही दोन्ही बाजूंनी होरपळला आहे. 2018 मध्ये त्यांनी झॅक लॅव्हीनपुढे चार वर्षांचे 7 कोटी 80 लाख ठेवले, शिकागोने मॅच केलं. 2020 मध्ये अटलांटाने त्यांच्या बोगदान बोगदानोविचपुढे 7 कोटी 20 लाख ठेवले, किंग्जने मॅच केलं नाही आणि बदल्यात काही न घेता चांगला खेळाडू गमावला.

आणि खेळाडूचं काय?

हा नियम खेळाडूला जाचतो, हे स्पष्ट म्हणायला हवं. ऑफर शीट देणाऱ्या संघाचे पैसे उत्तर येईपर्यंत अडकून पडतात. 2010 मध्ये क्लीव्हलँडला त्यासाठी सात दिवस थांबावं लागलं असतं, तेवढ्यात बाजारातली बाकी माणसं निघून जातात. पुढे ही मुदत कमी कमी होत गेली, तरी ‘ते मॅचच करणार, मग आपण कशाला?’ हा विचार गेला नाही. बाहेरून ऑफर येत नाही, आणि जुन्या संघाला घाई नसते.

2025 मध्ये नेमकं हेच झालं. गिडीला सप्टेंबरमध्ये शिकागोशी चार वर्षांचे 10 कोटी मिळाले, कुमिंगाचा प्रश्न महिन्याच्या शेवटी सुटला. थॉमस आणि ग्राइम्स यांनी मात्र एका वर्षाच्या क्वालिफाइंग ऑफरवर सही केली, सुमारे 60 लाख आणि 87 लाख डॉलरवर. दुखापत झाली तर पुढे काहीच हाती नाही, ही जोखीम त्यांनी पत्करली, कारण ते वर्ष संपल्यावर जुन्या संघाचा मॅच करण्याचा हक्क संपतो आणि कुठे खेळायचं हे त्यांचं त्यांना ठरवता येतं.